लांबीला लाइक्स, वासाचं काय?

बिर्याणीची हंडी टेबलावर आली की हल्ली आधी मोबाइल बाहेर येतो. कणकेचं सील फोडायचं, वाफ वर येताना स्लो मोशनमध्ये व्हिडीओ घ्यायचा, चमच्याने भात उचलून सोडायचा. दाणा जितका लांब आणि सुटा, तितके लाइक्स जास्त! या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही, ती म्हणजे वास. आणि गंमत बघा, ज्या तांदळाचे आपण एवढे फोटो काढतो, त्याच्या नावातच वास आहे. बासमतीमधला ‘बास’ म्हणजे संस्कृतातला ‘वास’, सुगंध, असं मानलं जातं. थोडक्यात, बासमती म्हणजे वास असलेली.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या तांदळाचा दाणा लांब होत गेला, पीक बुटकं झालं, उत्पादन वाढलं, निर्यात कुठल्या कुठे गेली. सुगंधाचं काय झालं? मुळात बासमती म्हणायचं कशाला आणि ते ठरवतं कोण? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न आहे, दोन देशांचं भांडण आहे आणि महिनाअखेरीला रिकामा होणारा तुमचा-आमचा खिसासुद्धा आहे.

पॉपकॉर्न, पाव आणि वाघ

आधी केमिस्ट्री. शिजणाऱ्या भातातून शेकडो प्रकारची सुगंधी द्रव्यं हवेत उडतात. पण सुवासिक तांदळाची खरी ओळख ठरवतं ते एक संयुग, २-असेटाइल-१-पायरोलीन. नाव जिभेला न पेलणारं, म्हणून शास्त्रज्ञही त्याला ‘टू-एपी’च म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुवासिक तांदळात ओळखलं. आपलं नाक या रेणूच्या बाबतीत फारच तिखट आहे. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा ०.१ भाग असला, तरी आपल्याला तो जाणवतो.

हाच रेणू तुम्हाला इतर ठिकाणीही भेटलेला आहे. मल्टिप्लेक्समध्ये शिरताच येणारा पॉपकॉर्नचा वास आठवा. भट्टीतून निघालेल्या पावाच्या खरपूस कडेचा आठवा. दोन्हीकडे टू-एपी आहे. कोकणात परसदारी ‘आंबेमोहोर पात’ नावाचं झुडूप लावतात आणि साध्या भाताच्या आधणात त्याचं एखादं पान टाकतात. त्या पानातही हाच रेणू. जंगलात वाघ आपली हद्द आखण्यासाठी जो फवारा मारतो, त्यालाही सुवासिक तांदळासारखा वास येतो, हे कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांच्या लक्षात आलं आणि पुढे त्यातही टू-एपी सापडलं. पुढच्या वेळी ‘काय रॉयल वास आहे’ असं कुणी म्हणालं, तर हा किस्सा ऐकवायला हरकत नाही!

बिघाड झाला, बरं झालं

हा सुगंध भातात येतो कुठून? उत्तर मजेशीर आहे. तो एका बिघाडातून येतो. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर ‘बॅड-टू’ नावाचं जनुक आहे. साध्या भातात ते नीट चालतं आणि टू-एपी ज्यापासून बनतं, तो कच्चा माल दुसरीकडे वळवतं. सुवासिक भातात या जनुकातली आठ अक्षरं गळालेली आहेत. जनुक बंद पडतं, कच्चा माल साठतो आणि त्याचं टू-एपी होतं. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. पुढच्या अभ्यासात कळलं, की थायलंडच्या जास्मिन तांदळातही नेमकी हीच आठ अक्षरं गायब आहेत. कधी काळी कुणा शेतकऱ्याच्या नाकाने हा बिघाड हेरला, त्याचं बियाणं वेगळं काढून ठेवलं आणि ते हातोहात पसरत गेलं.

पैदासकार आजही नाकाचा वापर करतात. कोवळी पानं कातरून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य, सुमारे १.७ टक्के द्रावणात दहाएक मिनिटं ठेवायची आणि हुंगायची. पानालाही तोच वास येतो, त्यामुळे दाणे भरायची वाट बघावी लागत नाही. अडचण एवढीच, की काही नमुन्यांनंतर नाक थकतं. आता डीएनए मार्करने रोपावस्थेतच निकाल लागतो. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही सुवासिक भातांमधल्या टू-एपीवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. त्यामुळे बॉटनी किंवा बायोटेकला असाल, तर हा विषय तुमच्यापासून फार लांब नाही.

थंडीत भरणारा दाणा

पण नुसतं जनुक असून भागत नाही. तेच बियाणं आपण विदर्भात किंवा तमिळनाडूत पेरलं, तर भात येईल, पण तो वास आणि ती लांबी मिळेलच असं नाही. बासमतीची जागा हिमालयाच्या पायथ्याची. जूनमध्ये रोपवाटिका, जुलैच्या पावसात लावणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलोरा. दाणा भरायच्या वेळी तिथे पाऊस थांबलेला असतो, आकाश स्वच्छ असतं, दिवस उबदार आणि रात्री गार होत जातात. या गार रात्रींत दाणा सावकाश भरतो आणि सुगंध टिकतो. नेमक्या त्या दिवसांत उष्मा राहिला, तर वास कमी होतो. हवामान बदलाच्या चर्चेत हे वाक्य पुन्हा वाचून बघा.

बासमतीची दुसरी खूण भांड्यात दिसते. साधा तांदूळ शिजताना चहूकडून फुगतो. बासमती मात्र लांबीत वाढतो, जाडीत फारसा नाही. शिजल्यावर तो मूळ लांबीच्या जवळपास दुप्पट होतो. शिवाय त्यातलं अमायलोज हे स्टार्च मध्यम प्रमाणात असतं, म्हणून भात चिकट गोळाही होत नाही आणि गार झाल्यावर दगडही होत नाही.

जुना बासमती महाग का, याचंही उत्तर इथेच आहे. वर्ष-दोन वर्षं साठवलेल्या तांदळातला ओलावा घटतो, दाणा कडक होतो, शिजताना जास्त पाणी पितो, जास्त लांबतो आणि सुटा राहतो. पण टू-एपी हे उडून जाणारं द्रव्य. साठवणीत सुगंध थोडा थोडा कमीच होतो. म्हणजे लांबी हवी तर जुना घ्या आणि वास हवा तर नवा. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही.

३७० ते ११२१

लांबी आणि वासाची ही ओढाताण बासमतीच्या सगळ्या इतिहासात दिसते. १७६६ साली वारिस शाह यांनी पंजाबीत रचलेल्या ‘हीर’मध्ये तांदळांच्या यादीत बासमतीचं नाव येतं. १९३३ मध्ये लाहोरजवळच्या काला शाह काकूच्या संशोधन केंद्राने स्थानिक बियाण्यातून निवडून ‘बासमती ३७०’ हा वाण दिला. फाळणी झाली आणि केंद्र तिकडे गेलं. बियाणं मात्र दोन्हीकडे राहिलं. हरयाणात कर्नालजवळचा ‘तरावडी’, जम्मूत रणबीरसिंहपुरा भागातला ‘रणबीर’ आणि डेहराडूनचा ‘देहरादूनी’ ही इतर जुनी घराणी.

या जुन्या वाणांचा वास दरवळणारा, पण स्वभाव नाजूक. उंची माणसाच्या खांद्यापर्यंत. जरा खत जास्त झालं किंवा वारा सुटला, की पीक लोळलंच. हेक्टरी उत्पादन वीस-पंचवीस क्विंटल. शेजारचा शेतकरी साधा भात लावून याच्या दुप्पट-तिप्पट काढणार आणि सरकार तो हमीभावाने घेणार. नुसत्या वासावर घर कसं चालवायचं?

उत्तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून, म्हणजे ‘पुसा’मधून आलं. १९८९ मध्ये ‘पुसा बासमती १’ हा बुटका वाण आला. पीक लोळणं थांबलं, उत्पादन जवळपास दुप्पट झालं. २००३ मध्ये डॉ. विजयपाल सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक वाण दिला. कच्चा दाणा आठ मिलिमीटरच्या वर आणि शिजल्यावर सुमारे दोन सेंटीमीटर! हाच तो ‘११२१’. आज रीलमध्ये जो दाणा नाचताना दिसतो, तो बऱ्याचदा हाच.

आता यातला ट्विस्ट बघा. २००३ मध्ये या वाणाचं नाव होतं ‘पुसा सुगंध ४’. बासमतीच्या त्या वेळच्या व्याख्येत तो बसत नव्हता. बाजारात मागणी प्रचंड वाढली, व्याख्या बदलली आणि २००८ मध्ये कागदोपत्री तो ‘पुसा बासमती ११२१’ झाला. दाणा तोच, शेत तेच, नाव बदललं आणि त्याबरोबर बाजारातली किंमतही. २०१३ मध्ये ‘पुसा बासमती १५०९’ आला. जुन्या वाणांना पाच महिने लागत, हा चार महिन्यांच्या आत तयार होतो. पंजाब-हरयाणात जमिनीखालचं पाणी वर्षागणिक खोल जातंय, तिथे पाण्याच्या काही पाळ्या वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

मग वास? खाणारे जाणकार सांगतात, की ११२१ चा सुगंध तरावडी किंवा ३७० च्या तुलनेत सौम्य आहे. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. लांबी पट्टीने मोजता येते, तिचा फोटो निघतो, तिच्यावर भाव ठरतो. वासाला बाजारात अशी पट्टीच नाही. जे मोजता येतं तेच वाढतं, हा नियम परीक्षेच्या मार्कांइतकाच तांदळालाही लागू पडतो. डेहराडूनची गोष्ट तर आणखी करुण. माजरा हे गाव एके काळी तिथल्या बासमतीचं माहेरघर होतं. २००० मध्ये डेहराडून उत्तराखंडची राजधानी झालं, शहर पसरलं आणि भातखाचरांवर वसाहती उभ्या राहिल्या. नाव सगळीकडे, शेत कुठेच नाही, अशी अवस्था.

नावाचं भांडण

नावाला एवढी किंमत आली, की त्यावर डोळा ठेवणारेही येणारच. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या ‘राइसटेक’ या कंपनीला ‘बासमती राइस लाइन्स अँड ग्रेन्स’ या नावाने पेटंट मिळालं. दावे एकूण वीस. त्यातले काही इतके सैल होते, की आपल्याकडचा पिढीजात तांदूळही त्यात अडकला असता. भारतात गदारोळ झाला. पण कोर्टात गदारोळ चालत नाही, पुरावा लागतो. आपल्या शास्त्रज्ञांनी जुन्या वाणांची मोजमापं, रासायनिक गुण, छापील नोंदी असं सगळं काढून २००० मध्ये आक्षेप दाखल केला. कंपनीने सर्वांत घातक दावे मागे घेतले. २००१ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने कंपनीच्या स्वतःच्या तीन वाणांपुरते मोजके दावे ठेवले आणि शीर्षकातून ‘बासमती’ हा शब्दच गेला. जुन्या कंटाळवाण्या नोंदवह्या काय कामाच्या, असं प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिताना वाटलं, तर ही केस आठवा.

धडा मिळाला होता. भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे जीआयचा कायदा भारतात १९९९ मध्ये मंजूर झाला आणि २००३ मध्ये लागू झाला. बासमतीला जीआय मिळायला मात्र फेब्रुवारी २०१६ उजाडलं. पंजाब, हरयाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेशातले जिल्हे आणि जम्मू भागातले काही जिल्हे एवढीच बासमतीची अधिकृत भूमी. मध्य प्रदेशचे शेतकरी म्हणतात, आम्हीही वर्षानुवर्षं हेच पिकवतो, मग आम्हाला का वगळलं? त्यांचा वाद कोर्टात गेला.

सीमेपलीकडे पाकिस्तानचा पंजाब आहे. ३७० तिथेही तितकाच जुना, शिवाय त्यांचा स्वतःचा ‘सुपर बासमती’. भारताने युरोपीय संघात या नावासाठी अर्ज केला, तेव्हा २०२० मध्ये पाकिस्तानने हरकत घेतली आणि २०२१ मध्ये आपल्या देशात स्वतःची जीआय नोंदणी केली. नकाशावरची रेषा १९४७ ची, तांदूळ त्याच्या कितीतरी आधीचा. अशा वेळी नाव कुणाचं, याचं उत्तर कायद्याच्या एका कलमात सहज मावत नाही.

हमी नसलेलं पीक

हे भांडण फक्त अभिमानाचं नाही. २०२४-२५ मध्ये भारतातून सुमारे ६० लाख टन बासमती निर्यात झाला. त्याची किंमत सुमारे ५० हजार कोटी रुपये. सौदी अरेबिया, इराक, इराण, संयुक्त अरब अमिराती ही मोठी गिऱ्हाइकं. पण साध्या भाताला असतो तसा बासमतीला हमीभाव नाही. मंडीत त्या दिवशी जो भाव फुटेल तो खरा. इराणच्या पेमेंटची अडचण असो की बंदरावरचा तणाव, कर्नालच्या शेतकऱ्याला त्याचा धक्का आठवडाभरात बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने टनाला १२०० डॉलरच्या खाली बासमती निर्यात करू नये, असं बंधन घातलं. नवं पीक मंडीत यायची वेळ आणि निर्यातदारांचे हात आखडलेले! ऑक्टोबरमध्ये ही मर्यादा ९५० डॉलरवर आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली.

दुसरी तलवार औषधांच्या अवशेषांची. करपा रोगावर वापरलं जाणारं ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक. युरोपीय संघाने २०१८ पासून त्याची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे जवळपास शून्य. फवारणी करावी तर युरोपचा दरवाजा बंद, न करावी तर पीक जातं. इथे पुन्हा पैदासकार धावले. २०२१ मध्ये पुसाने १५०९, ११२१ आणि १४०१ या वाणांच्या करपा आणि जिवाणूजन्य करपा सोसणाऱ्या सुधारित आवृत्त्या दिल्या. त्यांची नावं १८४७, १८८५ आणि १८८६. मोबाइलच्या मॉडेलसारखे वाटणारे हे आकडे शेतकऱ्याच्या फवारणीचा खर्च वाचवतात आणि आपल्या ताटातलं रसायनही.

तिबार, दुबार, मोगरा

आता आपल्या खिशाकडे येऊ. किराणा दुकानात गोणीवर खोचलेल्या पाट्या बघितल्यात? बासमती, तिबार, दुबार, मोगरा. ही वेगवेगळ्या तांदळांची नावं नाहीत. गिरणीत बासमती सडताना दाणे तुटतात. अख्ख्यापेक्षा जरा लहान तो तिबार, त्याहून लहान दुबार, आणखी बारीक तो मोगरा. वास तोच, लांबी कमी, म्हणून भाव कमी. रूमवर चौघांत कुकर लावणाऱ्यांसाठी ही सगळ्यात कामाची माहिती आहे. खिचडी, पुलाव, जिरा राइसला अख्खा दाणा कशाला? चांगल्या बासमतीचा दुबार घ्या. फोटोत नापास होईल, पण नाकाला पास.

‘सेला’ म्हणजे धान आधी वाफवून मग सडलेला तांदूळ. दाणा टणक, सहज न तुटणारा, म्हणून मोठ्या ऑर्डरच्या बिर्याणीत केटरर तोच वापरतात. त्याची पिवळसर छटा भेसळीची नसते, प्रक्रियेची असते.

भेसळ मात्र होते, आणि जगभर होते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये डीएनए तपासणीचे निकाल जाहीर केले, तेव्हा बासमती म्हणून विकल्या जाणाऱ्या जवळपास निम्म्या नमुन्यांत कमी-जास्त प्रमाणात दुसरा तांदूळ निघाला. पुढच्याच वर्षी तिथे भेसळीची कमाल मर्यादा सात टक्के ठरली. आपल्याकडे ‘एफएसएसएआय’चे बासमतीचे मानक १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार बासमतीत नैसर्गिक सुगंधच असला पाहिजे. कृत्रिम रंग, कृत्रिम सुगंध, पॉलिशसाठीची द्रव्यं चालत नाहीत. पुडा उघडताच अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं, तर खुश होऊ नका, शंका घ्या. खरा सुगंध मंद असतो. मूठभर दाणे हाताच्या उबेत धरा, मग हुंगा. शिजवण्याआधी वीस-तीस मिनिटं भिजवा. दाणा आधी पाणी प्यायलेला असला, की तो कमी वेळात शिजतो, लांब होतो आणि तुटत नाही. वास उडणारा आहे, हे लक्षात ठेवून झाकण शेवटपर्यंत ठेवा.

आणि हे सगळं वाचून ‘उत्तरेतल्या तांदळाचं आपल्याला काय’ असं वाटत असेल, तर घरातल्या डब्यात डोकावा. मुळशी-मावळचा आंबेमोहर आणि कोल्हापूरकडचा आजरा घनसाळ यांनाही २०१६ मध्येच जीआय मिळालं. आंबेमोहरच्या वासामागेही तोच टू-एपी. गोष्टही तीच. आंबेमोहर लोळतो, कमी पिकतो, म्हणून वडगाव मावळच्या केंद्राने त्याचा ‘आयआर ८’शी संकर करून ‘इंद्रायणी’ दिला आणि शेतकऱ्याला हात दिला. दुकानात ‘आंबेमोहर’ अशी पाटी असलेला सगळाच तांदूळ मात्र मावळातून आलेला नसतो. फरक इतकाच, की बासमतीच्या नावासाठी लढायला हजारो कोटींची निर्यात उभी आहे. आंबेमोहरमागे उभं राहायला फक्त तो खाणारे आहेत, म्हणजे आपण.

त्यामुळे पुढच्या वेळी तांदूळ आणायला तुमचा नंबर लागला, तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. वाण कुठला आणि आला कुठून? पहिल्या दिवशी तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. दहा जणांनी विचारलं, तर अकराव्याच्या आधी तो स्वतः माहिती काढून ठेवेल. वासाला बाजारात पट्टी नाही म्हणतो ना आपण? ती विचारणाऱ्यांच्या नाकापासूनच सुरू होते.